फुप्फुसं, दाह आणि ड जीवनसत्त्व: आधी काय बिघडलं?

न्यूमोनियातून उठलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर तपासण्यांची जाडजूड फाइलही येते. जिवावरचं टळलंय याची खात्री पटली की चार दिवसांनी घरातलं कुणीतरी ती चाळायला घेतं. बहुतेक आकडे डोक्यावरून जातात. एक मात्र ठळक अक्षरांत छापलेला असतो: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, ११ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. शेजारी लिहिलेलं असतं, कमतरता.

मग प्रश्न सुरू होतात. हे कमी होतं म्हणून न्यूमोनिया झाला का? आधीपासून गोळ्या घेतल्या असत्या तर टळला असता का? आणि आता भरपूर घेतल्या तर पुन्हा होणार नाही ना?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना मिळणारी उत्तरं मात्र दोन टोकांची असतात. कुणी म्हणतं, ड जीवनसत्त्व म्हणजे सर्दीपासून कोविडपर्यंत सगळ्यावर रामबाण. कुणी म्हणतं, सगळं थोतांड, गोळ्या खपवायचे उद्योग. गेल्या चाळीसेक वर्षांत संशोधकांना जे सापडलं ते या दोन्हींहून वेगळं आहे. ते नीट समजून घेतलं की फाइलमधला तो ११ चा आकडा वाचायची रीतच बदलते.

मूत्रपिंडं नसलेला रुग्ण

नावात जीवनसत्त्व असलं तरी हा पदार्थ वागतो संप्रेरकासारखा, म्हणजे हार्मोनसारखा. उन्हातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण, ज्यांना यूव्हीबी म्हणतात, ते त्वचेवर पडले की कोलेस्टेरॉलच्या जातकुळीतल्या एका रेणूचं रूप बदलतं आणि शरीराच्या उबेने त्याचं ड३ तयार होतं. ते यकृतात गेलं की त्यात थोडा बदल होतो आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी बनतं. रक्ततपासणीत मोजतात ते हेच. हा गोदामातला माल समजा. रक्तात दोन-तीन आठवडे टिकतो, पण स्वतः फारसं काम करत नाही. मूत्रपिंडात त्यावर शेवटचा हात फिरला की त्याचं कॅल्सिट्रायॉल होतं. ते काही तासच टिकतं, पण खरं कामाचं तेच. आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं ते त्याच्यामुळे, आणि हाडं घट्ट राहतात तीही त्याच्यामुळे.

बराच काळ ही गोष्ट इथेच संपत होती. त्वचा, यकृत, मूत्रपिंड, हाड. फुप्फुसाचा यात कुठे संबंधच नव्हता.

पण डॉक्टरांना एक कोडं पडलेलं होतं. सारकॉइडोसिस नावाच्या आजारात फुप्फुसांत दाहाच्या बारीक बारीक गाठी होतात. यातल्या काही रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं सापडायचं. ते कुठून येतं? १९८१ साली असा एक रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला, ज्याला मूत्रपिंडंच उरलेली नव्हती. तरीही त्याच्या रक्तात कॅल्सिट्रायॉल भरपूर होतं. कारखाना बंद आणि माल मात्र बाजारात येतोय, अशातली गत. म्हणजे शरीरात कुठेतरी दुसरा कारखाना चालू होता.

दोन वर्षांनी तो सापडला. सारकॉइडोसिसच्या रुग्णांची फुप्फुसं आतून खारट पाण्याने धुऊन त्यातल्या पेशी गोळा केल्या आणि त्यांना गोदामातला माल, म्हणजे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, पुरवलं. त्या पेशींनी डोळ्यांदेखत त्याचं कॅल्सिट्रायॉल करून दाखवलं. या पेशी म्हणजे वायुकोशांत गस्त घालणारे मॅक्रोफेज, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी.

हाडांशी काडीचा संबंध नसलेल्या या पेशी कॅल्सिट्रायॉल कशाला बनवत असतील? मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर मिळायला आणखी तेवीस वर्षं जावी लागली.

एका वायुकोशात काय घडतं

२००६ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उत्तर प्रसिद्ध केलं. ते समजून घ्यायचं तर एका वायुकोशाच्या आत डोकवायला हवं.

श्वासाबरोबर क्षयरोगाचा एक जंतू आत आला आहे. नाकातले केस, घशातला चिकट स्राव, श्वासनळीच्या अस्तरावरचे सतत हलणारे सूक्ष्म रोमक, या सगळ्यांना चुकवून तो थेट तळाशी पोचला. तिथे मॅक्रोफेजने त्याला गाठलं. मॅक्रोफेजच्या अंगावर टोल-लाइक रिसेप्टर नावाची स्पर्शेंद्रियं असतात. जंतूच्या आवरणातले चरबीयुक्त प्रथिनांचे तुकडे त्यांना लागले की धोक्याचा इशारा आत पोचतो. आणि त्याबरोबर पेशी दोन गोष्टी वाढवायला घेते. एक, कॅल्सिट्रायॉल बनवणारं एन्झाइम. दुसरी, त्या कॅल्सिट्रायॉलला धरणारा रिसेप्टर.

म्हणजे पेशीने चूलही पेटवली आणि पानही मांडलं. आता फक्त शिधा हवा. तो ती आजूबाजूच्या द्रवातून ओढून घेते: तेच २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. त्याचं कॅल्सिट्रायॉल होतं, ते रिसेप्टरला जाऊन बसतं, ही जोडी डीएनएवरच्या ठरावीक जागी चिकटते आणि कॅथेलिसिडिन नावाच्या प्रथिनाचं जनुक चालू होतं. या प्रथिनाचा ३७ अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटा होतो, त्याला एलएल-३७ म्हणतात. त्यावर धन विद्युतभार असतो, जंतूच्या पापुद्र्यावर ऋण. दोघं एकमेकांकडे खेचले जातात आणि एलएल-३७ जंतूचं आवरण फाडतं. आपल्या शरीराने घरच्या घरी बनवलेलं प्रतिजैविकच ते.

याच संशोधनातला एक भाग मला विशेष बोलका वाटतो. मॅक्रोफेज तेच, इशारा तोच, फक्त ज्या रक्तद्रवात त्या पेशी ठेवल्या तो बदलला. ड जीवनसत्त्व कमी असलेल्या लोकांच्या रक्तद्रवात कॅथेलिसिडिन बनवायचा संदेश नीट निघेना. त्याच रक्तद्रवात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी वरून घातलं, आणि संदेश निघू लागला. पेशीत बिघाड नव्हता. शिधा कमी होता.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मूत्रपिंडातल्या उत्पादनावर शरीराचा कडक पहारा असतो. गोदामात माल थोडा असला तरी पॅराथायरॉइड ग्रंथी दामटून काम करून घेते आणि रक्तातलं कॅल्सिट्रायॉल बरंचसं टिकवून धरते. मॅक्रोफेजला असा कुणी पाठीराखा नाही. तो मिळेल तेवढ्यावर भागवतो. रक्तातलं तयार कॅल्सिट्रायॉल त्याच्या उपयोगी पडेल इतकं नसतंच, कारण ते गोदामातल्या मालाच्या साधारण एक हजारांश असतं. त्यामुळे साठा आटला की आधी झळ लागते ती अशा स्थानिक उत्पादनाला. आणि पहारा नसल्यामुळेच सारकॉइडोसिसमध्ये उलटं होतं. हजारो मॅक्रोफेज बेबंद कॅल्सिट्रायॉल बनवत सुटतात, ते रक्तात सांडतं आणि कॅल्शियम चढतं. १९८१ सालच्या त्या रुग्णाचं कोडं असं सुटलं.

पुढे हेही कळलं की फक्त मॅक्रोफेजच नव्हे, श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशीही हेच काम करतात.

जंतू मारणं सोपं, थांबणं अवघड

आता दाहाकडे येऊ. दाह म्हटलं की आपल्याला काहीतरी वाईट आठवतं, पण दाहाशिवाय माणूस जगणार नाही. काटा रुतल्यावर बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. रक्तवाहिन्या रुंद होऊन तिथे द्रव आणि लढाऊ पेशी आणून ओतत असतात म्हणून.

बोटाला हे परवडतं. फुप्फुसाला परवडत नाही. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. केसाच्या जाडीचा शंभरावा भाग म्हणा. ऑक्सिजनला पलीकडे जायला एवढीच वाट असते. तिथे सूज आली, द्रव साचला, पेशींची गर्दी झाली की वाट बुजते. न्यूमोनियात धाप लागते ती बरीचशी यामुळे. गंभीर कोविडमध्ये हेच दिसलं: अनेकांचा विषाणू ओसरत चालला होता, पण त्याच्याविरुद्ध पेटलेला दाह आवरत नव्हता. डेक्सामिथासोन हे दाह दाबणारं जुनं औषध ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचवू शकलं ते म्हणूनच.

तेव्हा फुप्फुसाला हवी असते ती मारण्याची ताकद आणि वेळेवर आवरण्याची अक्कल, दोन्ही. ड जीवनसत्त्वाचं वेगळेपण असं की ते या दोन्ही कामांत दिसतं.

पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचा दाहाचा मुख्य खटका असतो. एरवी तो एका आवर घालणाऱ्या प्रथिनाला जखडलेला असतो. धोका जाणवला की ही बेडी तुटते, खटका केंद्रकात जातो आणि आयएल-६, आयएल-८, टीएनएफ असे दाहाचे निरोप धडाधड सुटतात. कॅल्सिट्रायॉल या आवर घालणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण वाढवतं. श्वासनलिकेच्या अस्तरपेशींना आरएसव्ही या विषाणूची लागण करून पाहिलेला एक प्रयोग आहे. आरएसव्ही म्हणजे तान्ह्या बाळांच्या छातीत घरघर आणणारा विषाणू. ज्या पेशींना आधी ड जीवनसत्त्व मिळालं होतं त्यांनी दाहाचे निरोप कमी सोडले, आणि तरी विषाणूची संख्या काही वाढली नाही. आवाज कमी झाला, पण पहारा ढिला पडला नाही.

पांढऱ्या पेशींमधल्या टी-पेशींवरही असाच परिणाम दिसतो. दाह भडकवणाऱ्या जाती थोड्या मागे सरतात, शांत करणाऱ्या जाती पुढे येतात, आयएल-१० सारखा शमवणारा निरोप वाढतो.

म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवणारी गोळी' हे वर्णन मला पटत नाही. वाढलेली प्रतिकारशक्ती फुप्फुसात जीवघेणी ठरू शकते.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगायला हवी. काचेच्या बशीत पेशींना मिळणारं प्रमाण अनेकदा शरीरात कधीच आढळणार नाही इतकं असतं. जिवंत माणसांना गोळ्या देऊन सीआरपीसारखे दाहाचे मापक तपासले तर मोठ्या चाचण्यांत ठळक आणि टिकाऊ घट दिसलेली नाही. एक लक्षवेधी अपवाद आहे. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या व्हायटल चाचणीत रोज २,००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये पाचेक वर्षांत स्वप्रतिकार आजार, म्हणजे शरीराने स्वतःवरच हल्ला केल्याने होणारे आजार, २२ टक्क्यांनी कमी आढळले. याच चाचणीत कर्करोग होण्याचं आणि हृदयविकाराचं प्रमाण मात्र घटलं नाही.

गोळी दिल्यावर काय झालं

कमतरता आणि श्वसनाचे आजार हातात हात घालून चालतात, हे जुनं निरीक्षण आहे. इथिओपियात पाच वर्षांखालच्या मुलांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. न्यूमोनियाने रुग्णालयात आलेली ५०० मुलं आणि तो नसलेली ५०० मुलं. न्यूमोनियाच्या मुलांत मुडदूस असण्याची शक्यता तेरा पटींनी जास्त निघाली. मुडदूस म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडं मऊ पडणं. त्यात बरगड्याही मऊ होतात, छाती नीट फुलत नाही, खोकून कफ बाहेर काढायला जोर पुरत नाही. प्रतिकारपेशींची गोष्ट बाजूला ठेवली तरी नुसत्या बरगड्यांमुळेच फुप्फुसाचं नुकसान होतं.

पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. आजारी माणूस उन्हात जात नाही. लठ्ठपणात हे जीवनसत्त्व चरबीत दडून बसतं. म्हातारपणी त्वचा ते कमी बनवते, आणि म्हातारपणीच न्यूमोनिया जास्त होतो. खरं काय ते कळायला चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी.

अशा चाचण्यांचे निकाल सुरुवातीला गोंधळात टाकणारे आले. जपानमध्ये शाळकरी मुलांना हिवाळाभर रोज १,२०० आययू दिलं. इन्फ्लुएंझा ए झाला तो गोळी घेणाऱ्या १६७ पैकी १८ मुलांना, पोकळ गोळी घेणाऱ्या १६७ पैकी ३१ मुलांना. मंगोलियात २४७ मुलांना हिवाळ्यात दूध दिलं, काहींच्या दुधात रोजचं ३०० आययू ड जीवनसत्त्व मिसळलेलं होतं. त्यांच्यात श्वसनसंसर्ग जवळपास निम्म्यावर आले. उलट काबूलमध्ये ३,००० हून अधिक तान्ह्या बाळांना दर तीन महिन्यांनी एकदम १ लाख आययूचा डोस दिला, आणि न्यूमोनिया काही कमी झाला नाही.

मंगोलियातल्या त्या मुलांची पातळी सुरुवातीला ७ नॅनोग्रॅमच्या आसपास होती, म्हणजे गोदाम जवळजवळ रिकामं. आणि त्यांना मिळालं ते रोज थोडं थोडं. काबूलच्या बाळांना मिळालं ते एकदम मोठं. २०१७ साली २५ चाचण्यांतल्या १०,९३३ लोकांची माहिती माणसागणिक एकत्र करून तपासली, तेव्हा हेच दोन धागे वर आले. सगळे मिळून पाहिले तर एक श्वसनसंसर्ग टाळायला ३३ जणांना ड जीवनसत्त्व द्यावं लागत होतं. फायदा लहानच. पण ज्यांची पातळी १० नॅनोग्रॅमच्या खाली होती आणि ज्यांना रोज किंवा आठवड्याला डोस मिळत होता, त्यांच्यात चार जणांमागे एकाचा संसर्ग टळत होता. एकदम मोठे डोस घेणाऱ्यांना काहीच लाभ दिसला नाही.

मोठा डोस का वाया जातो? जोराचा पाऊस कोसळला तर पाणी वाहून जातं, झिमझिम लागली तर मुरतं. एकदम लाखभर युनिट आत आले की शरीर घाबरून ते मोडणारी एन्झाइम वाढवतं, आणि ही मोडतोड नंतरही चालू राहते. शिवाय यकृतात न गेलेलं मूळ ड३ रक्तात साधारण एखाद दिवसच टिकतं. काही पेशी तेही थेट उचलून वापरत असाव्यात, असं मानणारे संशोधक आहेत. तसं असेल तर महिन्यातून एकदा मिळणारा डोस त्या पेशींना उरलेले दिवस उपाशीच ठेवतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढे मोठ्या चाचण्या आल्या आणि फायदा पातळ होत गेला. २०२१ सालच्या बेरजेत ४३ चाचण्या आणि ४८,४८८ लोक होते, फायदा ८ टक्के. २०२५ साली ४६ चाचण्या आणि ६४,०८६ लोक, फायदा ६ टक्के, आणि तोही योगायोगाच्या सीमारेषेवर. कोविडच्या काळात नॉर्वेत ३४,७४१ लोकांना रोज चमचाभर कॉड माशाच्या यकृताचं तेल किंवा त्याच्याऐवजी मक्याचं तेल दिलं. संसर्गात फरक पडला नाही. ब्राझीलमध्ये कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांना एकदाच २ लाख आययू दिलं. मुक्काम कमी झाला नाही.

या निकालांवरून 'ड जीवनसत्त्वाचा काही उपयोग नाही' असं म्हणणारे माझ्या मते घाई करतात. नॉर्वेतल्या त्या बहुतेक लोकांकडे ड जीवनसत्त्व आधीच पुरेसं होतं. भरलेल्या घागरीत पाणी ओतून घागर भरते का, हे तपासल्यासारखं आहे ते. पण उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. मंगोलियातच पुढे ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० आययू दिलं. यातल्या बहुतेक सर्व मुलांत कमतरता होती, डोसही नियमित होता, आणि २००६ सालचा तो देखणा प्रयोग तर क्षयाच्या जंतूवरच झालेला. तरीही क्षयाच्या जंतूची लागण कमी झाली नाही. बशीत घडतं ते सगळं शरीरात घडतंच असं नाही. शरीराकडे एकच दार नसतं आणि जंतूकडेही.

दम्याबद्दल असंच झालं. कोक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०१६ सालच्या आढाव्याने ड जीवनसत्त्वाने दम्याचे तीव्र झटके कमी होतात असं म्हटलं, लोक हरखले. २०२३ साली नव्या चाचण्या धरून तोच आढावा पुन्हा केला तेव्हा तो फायदा उरला नाही. दम्याचा इनहेलर बाजूला ठेवून या गोळ्यांवर विसंबणं धोक्याचं आहे, हे मी अगदी कळकळीने सांगतो. सीओपीडीमध्ये, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या आजारात, ज्यांची पातळी १० नॅनोग्रॅमच्या खाली होती त्यांच्यातच झटके कमी झाल्याचं एका एकत्रित विश्लेषणात दिसलं, बाकीच्यांत नाही.

तो ११ चा आकडा

आता फाइलकडे परत. पहिला प्रश्न होता, हे कमी होतं म्हणून न्यूमोनिया झाला का?

आधी तारीख पाहा. रक्त कधी काढलं? दाखल झाल्यावर दुसऱ्या दिवशी, अंगात १०३ ताप आणि सीआरपी आकाशाला भिडलेला असताना? मग तो आकडा आजाराआधीचा धरता येत नाही. दाह पेटला की २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीची पातळी स्वतःच उतरते. हे पाहायला गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया फार उपयोगी पडली. माणूस आदल्या दिवशी बरा असतो, शस्त्रक्रियेनंतर सीआरपी उसळतो, आणि दोनच दिवसांत ड जीवनसत्त्वाचा आकडा ठळकपणे खाली येतो. दोन दिवसांत ना ऊन बदललं ना आहार. या जीवनसत्त्वाला रक्तातून वाहून नेणारं प्रथिन दाहात कमी होतं, शिरेतून दिलेल्या द्रवाने रक्तही पातळ होतं. न्यूमोनियाआधी या माणसाची पातळी ११ असेल, १७ असेल, कदाचित २० सुद्धा. म्हणजे आकडा खोटा नाही, पण तो काही अंशी आजाराचं कारण असेल आणि काही अंशी आजाराची सावली. रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांचं ड जीवनसत्त्व कमी सापडतं, या बातमीतही हीच सावली मिसळलेली असते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आधी पातळी खरोखर १० च्या खाली असती आणि रोज थोडी मात्रा घेतली असती, तर धोका कमी झाला असता असं मानायला जागा आहे. पातळी ठीक असती तर गोळीने जवळपास काहीच बदललं नसतं. एका विशिष्ट न्यूमोनियाबद्दल यापुढे जाऊन कुणीच खात्रीने बोलू शकत नाही, आणि घरच्यांनी स्वतःला दोष देत बसण्याचं तर अजिबात कारण नाही.

तिसरा प्रश्न धोक्याचा आहे, कारण त्यात 'भरपूर' हा शब्द आहे. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ साली वयाच्या सत्तरीपर्यंत रोज ६०० आणि त्यापुढे ८०० आययू पुरेसं धरलं, आणि मोठ्यांसाठी स्वतःहून घ्यायची कमाल मर्यादा ४,००० आययू. ब्रिटनचा सल्ला रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू. रक्तात २० नॅनोग्रॅम असले की बहुतेकांना पुरे, १२ च्या खाली ठळक कमतरता. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यांत १ ते १८ वर्षांच्या मुलांना नियमित पूरक मात्रा सुचवताना मुडदुसाबरोबर श्वसनसंसर्गाचंही कारण दिलं आहे. ७५ च्या पुढच्यांना आणि गरोदर स्त्रियांनाही ती सुचवली आहे. निरोगी माणसाने उगाच पातळी तपासत बसू नये, असंही त्यात आहे.

जास्त झालं तर? हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे झटकन निघून जात नाही. पातळी १५० नॅनोग्रॅमच्या पुढे गेली की रक्तात कॅल्शियम चढायला लागतं: सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं होणं, पुढे मूत्रपिंडाचं नुकसान. बहुतेक वेळा हे आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्याने किंवा दोन-तीन ठिकाणांहून तेच औषध वेगवेगळ्या नावांनी पोटात गेल्याने घडतं. आणि सारकॉइडोसिस असेल, क्षयरोग चालू असेल, मुतखड्याची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही नको. त्या गाठींमधले मॅक्रोफेज शिधा मिळायची वाटच पाहत असतात.

उन्हाने मात्र कधी विषबाधा होत नाही. पुरेसं बनलं की त्वचा जास्तीचं निरुपयोगी रेणूंत बदलून टाकते. त्वचा भाजणार नाही इतकंच ऊन घ्यायचं, एवढं पाळावं. काचेच्या बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा इथे उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तेव्हाही फारसं काही बनत नाही. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. धूर आणि धुळीने भरलेली हवा यूव्हीबी वरच्या वर गिळते, म्हणजे जी हवा फुप्फुसं थेट पोखरते तीच त्यांच्या पहारेकऱ्यांचा शिधाही कमी करते. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते, आणि तिच्यावर गोळी हा उपाय नाही.

तर फाइलवाल्या त्या माणसाने करायचं एवढंच: डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा रोज किंवा आठवड्याला नेमाने घ्यायची, लस आणि इतर औषधं तिच्यापायी सोडायची नाहीत. पातळी स्थिरावायला तीनेक महिने लागतात, तेव्हा डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतील. त्या दिवशी अंगात ताप-खोकला नाही ना, तेवढं पाहून मगच रक्त द्यायला जावं.